बांगलादेश आणि पाकिस्तान: ५४ वर्षं झाली तरी मनातली अढी का जात नाही?

मस्कतचा सातारकर

नमस्कार मंडळी. गेली चार-पाच वर्षं इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, ओमानमध्ये एका बांधकाम साइटवर सुपरवायझर आहे, नऊ वर्षं झाली. आमच्या कॅम्पात निम्मे बांगलादेशी, बरेचसे चट्टग्रामकडचे, मग आपले भारतीय आणि पंचवीस-तीस पाकिस्तानी, त्यात पठाण जास्त. मेस एक, पाण्याचा कूलर एक आणि बोलायची भाषा पण एकच, कॅम्पातली मोडकीतोडकी हिंदी. माझा शटरिंगचा फोरमन बांगलादेशी आहे, पन्नाशीचा, सगळे त्याला भाईच म्हणतात. इलेक्ट्रिकलला पेशावरकडचे एक खानसाहेब आहेत. दोघांची आठ वर्षांची ओळख, शुक्रवारी जुम्म्याला एकाच गाडीत जाणार, दोन वर्षांपूर्वी खानसाहेबांचा हात मोडला तेव्हा दीड महिना त्यांचे कपडे भाईने धुतलेत, मी डोळ्यांनी बघितलंय.

तर झालं असं की १६ डिसेंबरला संध्याकाळी भाई रुवीहून मिठाईचा मोठा डबा घेऊन आला, शर्टाच्या खिशाला लाल-हिरवी फीत, आणि खोली खोली फिरून वाटत होता, त्यांचा बिजॉय दिबोश ना. दरवर्षी तो पाकिस्तान्यांच्या खोल्या टाळून पुढे जायचा हे मला या वर्षी लक्षात आलं कारण या वर्षी तो खानसाहेबांच्या दारात थांबला. खानसाहेब उठले, डबा दोन्ही हातांनी घेतला, मुबारक म्हणाले आणि न उघडता टेबलावर ठेवला. म्हणाले, भाई, आज मैं नहीं खाऊँगा. बास. एवढंच.

भाईचा चेहरा बघवत नव्हता हो. तो म्हणाला आठ वर्षांत पहिल्यांदा तुझ्या दारात आलो आणि तू खात नाहीस. मग शब्दाला शब्द वाढला. त्याचा एक काका होता, वडिलांचा धाकटा भाऊ, कॉलेजात शिकणारा, १९७१ मध्ये गावाकडे येताना सैनिकांनी बसमधून उतरवून घेतला तो परत आलाच नाही, ना पत्ता ना कबर. हे सगळं भाई रडत सांगत होता आणि खानसाहेब म्हणत होते की मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, मी काय करू सांग. आता दोघं वेगवेगळ्या टेबलावर जेवतात आणि कामाचं बोलायचं तर माझ्यामार्फत बोलतात.

मला १६ डिसेंबर म्हणजे आपला विजय दिवस एवढंच ठाऊक, शाळेत भाषण ठोकलं होतं मी त्यावर. पण या दोन देशांचं आपसात नेमकं काय अडलंय? धर्म एक, २४ वर्षं देश एक होता, मधे आपण असल्यामुळे सीमा पण लागत नाही, मग ५४ वर्षं ही अढी कशी टिकली? पाकिस्तानने माफी मागितली का नाही? कोणी म्हणतं मागितली, कोणी म्हणतं नाही. जाणकारांनी नीट सांगा. दोघंही मला जवळचे आहेत, आणि मला दोघांसमोर मूर्खासारखं बोलायचं नाहीये.

इतिहासवेडा ठाणे

धागा काढलात ते बरं केलंत. आपल्याकडे ७१ म्हटलं की आपल्याला १३ दिवसांचं युद्ध, ९३ हजार युद्धकैदी आणि पूर्वेकडचे पाकिस्तानी सेनापती नियाझी यांचा तो शरणागतीवर सही करतानाचा फोटो आठवतो. पहिली गोष्ट तुमच्या भाईसमोर बोलताना लक्षात ठेवा, त्यांच्यासाठी ते युद्ध १३ दिवसांचं नव्हतं, पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात कारवाई सुरू केली त्या २५ मार्चच्या रात्रीपासून जवळजवळ नऊ महिन्यांचं होतं, आणि आपण त्याला भारत-पाक युद्ध म्हटलेलं त्यांना लागतं. शरणागतीच्या समारंभाला त्यांचे सेनापती ओस्मानी नव्हते, मुक्तिवाहिनीतर्फे, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या फौजेतर्फे, ए. के. खांडकर हजर होते, आणि तो फोटो बघताना तिकडची बरीच माणसं अजून विचारतात की आमचा माणूस कुठाय यात.

आता तुमचा मूळ प्रश्न, माफीचा. आपल्या मराठीत दिलगिरी आणि माफी यात जो फरक आहे ना, तिथेच सगळं अडलंय. दिलगिरी म्हणजे झालं ते वाईट झालं. माफी म्हणजे ते मी केलं. पाकिस्तान पहिल्यापर्यंत आलाय, दुसऱ्यापर्यंत कधी आला नाही.

१९७४ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांचा त्रिपक्षीय करार झाला. बांगलादेशला १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटले चालवायचे होते, ते सोडून दिले. पाकिस्तानने काय लिहून दिलं तर 'जे काही गुन्हे घडले असतील' त्यांचा निषेध आणि तीव्र खेद. घडले असतील! आणि मुजीबसाहेबांनी, म्हणजे बांगलादेशचे तेव्हाचे पंतप्रधान शेख मुजीबुर रहमान यांनी, आपल्या लोकांना मागचं विसरून नव्याने सुरुवात करायला सांगितलं असल्याचं त्याच कागदात आहे. पाकिस्तान आज त्या कागदावर बोट ठेवून म्हणतो की विषय संपला.

पण मुजीबसाहेबांना खटले का सोडावे लागले ते बघा. त्यांचे लाखो बंगाली लोक पश्चिम पाकिस्तानात अडकले होते, सरकारी नोकर, सैन्यातले अधिकारी, बायकापोरांसकट. १९७२ मध्ये चीनने नकाराधिकार वापरून बांगलादेशचा संयुक्त राष्ट्रांतला प्रवेश रोखला होता, तो प्रवेश मिळाला १९७४ च्या सप्टेंबरात. पाकिस्तानने देश म्हणून मान्यता दिली ती पण १९७४ च्या फेब्रुवारीत, लाहोरच्या इस्लामी परिषदेच्या वेळी. म्हणजे गळ्याला फास असताना केलेली तडजोड होती ती. ज्या घरातला माणूस गेला त्या घराला कुणी विचारलं नव्हतं, तुम्ही माफ करता का म्हणून.

मग २००२ मध्ये पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ ढाक्याला गेले, सावरच्या हुतात्मा स्मारकाच्या वहीत त्यांनी लिहिलं की १९७१ च्या घटनांचं दुःख तुमच्या पाकिस्तानी भावाबहिणींनाही आहे, त्या काळात झालेल्या अतिरेकाचा खेद वाटतो. परत खेद. आणि १५ वर्षांच्या खंडानंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये दोन्ही देशांचे परराष्ट्र सचिव ढाक्यात भेटले तेव्हा बांगलादेशने माफीचा विषय परत काढला, शिवाय एकत्र देशाच्या मालमत्तेतला वाटा म्हणून ४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मागितली. त्यात १९७० च्या चक्रीवादळासाठी परदेशातून आलेल्या मदतीचे पैसे पण धरलेत, ते वादळग्रस्तांपर्यंत पोचलेच नाहीत म्हणून. ऑगस्टमध्ये पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इशाक दार ढाक्यात जाऊन म्हणाले हा प्रश्न दोनदा सुटलाय, १९७४ ला आणि मुशर्रफ यांच्या वेळी. बांगलादेशच्या परराष्ट्र सल्लागारांनी तिथेच सांगितलं की आम्हाला हे मान्य नाही.

आकड्यावर सुद्धा एकमत नाही हो. बांगलादेश म्हणतो ३० लाख मेले. पाकिस्तानने युद्धाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हमूदुर रहमान आयोगाने सैन्याने दिलेला २६ हजारांचा आकडा धरला. बाहेरच्या अभ्यासकांचे बरेच अंदाज तीन ते पाच लाख, काहींचे त्याहून जास्त. मेलं किती यावरच बोलणं होत नसेल तर माफी कशाची मागायची हे तरी कसं ठरणार?

वैनगंगेकाठची

सातारकरदादा, मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षिका आहे, चामोर्शी-मुलचेरा भागात. बऱ्याच जणांना माहीत नसतं पण आमच्याकडे बंगाली निर्वासितांची गावंच्या गावं आहेत, १९६० च्या दशकापासून सरकारने इथे आणून वसवलेले, पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत घेऊन आलेले हिंदू. बंगाली माध्यमाच्या शाळा आहेत, दुर्गापूजा होते, तळ्यात मासे पाळतात, आणि बाजारात आमची मराठी आमच्याहून चांगली बोलतात.

माझ्या शेजारच्या आजी खुलन्याच्या. मी एकदा त्यांना विचारलं की आजी, तुम्हाला पाकिस्तानचा राग येतो का, तर त्या मासे साफ करत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या की पाकिस्तान कुठे असतं मला काय ठाऊक, मला आमच्या वाडीच्या पलीकडचं घर ठाऊक आहे, ज्यांनी आम्ही निघालो त्याच दिवशी आमच्या सुपारीच्या बागेला कुंपण घातलं. सुपारीची किती झाडं होती ते पण सांगितलं त्यांनी, चाळीस. आज इतक्या वर्षांनी.

म्हणून मला वाटतं देश-देश म्हणून आपण जे बोलतो त्याच्या खाली प्रत्येकाचं वेगळं काहीतरी असतं. तुमच्या भाईला त्याचा काका, आमच्या आजीला बाग. ही सरकारं एकमेकांना काय लिहून देतात त्यात ना काका येतो ना बाग.

आणि ७१ च्या बायांचं तर कुणी बोलतच नाही. दोन ते चार लाख बायांवर बलात्कार झाले असं सांगितलं जातं, मुजीब सरकारने त्यांना बीरांगना असा मानाचा शब्द दिला, पण कित्येकींना घरच्यांनीच परत घेतलं नाही, आणि मानाचा शब्दच गावात टोमणा मारायला वापरला गेला. त्यांना मुक्तियोद्ध्यांच्या बरोबरीचा सरकारी दर्जा मिळायला २०१५ साल उजाडलं. यांच्या वतीने माफ करायचा अधिकार कुणाला होता, मुजीबना पण नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुर्ला ते कतार

मी थोडं वेगळं बोलणारे, राग मानू नका. मी दोह्यात अकरा वर्षं आहे, माझ्या रूमवर दोन्ही देशांची पोरं आहेत. खानसाहेब बरोबर बोलले. जो माणूस तेव्हा जन्मलाच नव्हता तो कशाची माफी मागणार? त्याला शाळेत काय शिकवलं ते तरी विचारा. तिकडच्या पुस्तकांत १६ डिसेंबरला सुकूत-ए-ढाका म्हणतात, म्हणजे ढाक्याचा पाडाव, आणि तो भारताच्या कारस्थानाने झाला असं सांगून पान उलटतात. माझ्या लाहोरच्या रूममेटला १९७० च्या निवडणुकीत मुजीबच्या अवामी लीगने पूर्वेकडच्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या होत्या आणि अख्ख्या देशात त्यांचं बहुमत होतं हेच माहीत नव्हतं, मी मोबाइलवर दाखवलं तर दोन दिवस गप्प होता. म्हणाला मग सरकार त्यांनाच द्यायला पाहिजे होतं ना. एवढं सरळ आहे ते, पण त्याला तिशीपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि दुसरी बाजू पण बघा. ढाक्यात मोहम्मदपूरला जिनेव्हा कॅम्प आहे, उर्दू बोलणारे बिहारी लोक तिथे ७१ पासून राहतात, एकेका खोलीत सात-आठ माणसं. ७१ मध्ये यांच्यातले बरेच पाकिस्तानी सैन्याच्या बाजूने होते हे खरं, पण त्यांच्या बायकापोरांना पण मारलं गेलं, युद्धाच्या आधी, युद्धात आणि नंतर, आणि त्याचा हिशोब कुणीच मांडत नाही. पाकिस्तानने काही लोकांना नेलं आणि मग हात झटकले. तीनेक लाख माणसं कुठल्याच देशाची नव्हती, २००८ मध्ये ढाक्याच्या हायकोर्टाने ७१ ला जे अल्पवयीन होते किंवा नंतर जन्मले त्यांना नागरिक मानलं तेव्हा कुठे मतदार यादीत नाव लागलं. उलट कराचीत मच्छर कॉलनीत बंगाली आहेत, पिढ्यान् पिढ्या तिथले, त्यातल्या कित्येकांना अजून ओळखपत्र मिळत नाही, कार्ड नाही म्हणून पोरांना शाळेत अडचण.

अजून एक. ही अढी तिथल्या राजकारणाला हवी असते. बांगलादेशात राजाकार ही सगळ्यात घाण शिवी, पाकिस्तानी सैन्याला मदत करणारा. तेव्हाच्या पंतप्रधान हसीनाबाईंनी २०२४ च्या जुलैत आरक्षणाविरुद्धच्या विद्यार्थ्यांना उद्देशून राजाकारांची नातवंडं असं काहीतरी म्हटलं, तर त्याच रात्री ढाका युनिव्हर्सिटीतली पोरं रस्त्यावर येऊन घोषणा द्यायला लागली की होय, आम्ही राजाकार. ज्या कॅम्पसमध्ये ७१ ला सैन्य घुसलं होतं तिथेच! ५ ऑगस्टला बाईंना देश सोडावा लागला. नोव्हेंबरात कराचीहून चट्टग्रामला थेट मालवाहू जहाज लागलं. म्हणजे नव्या पिढीला हे ओझं नकोय, असं मला तरी दिसतं.

इतिहासवेडा ठाणे

@कुर्ला ते कतार, पुस्तकांचं आणि बिहाऱ्यांचं शंभर टक्के मान्य. पण ओझं नकोय हे नाही पटत. त्या पोरांनी शब्द उलटवला तो हसीनाबाईंवर, पाकिस्तानच्या प्रेमाने नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत याच वयाची पोरं शाहबागला रात्रंदिवस बसली होती, ७१ च्या गुन्ह्यांसाठी अब्दुल कादर मोल्लाला जन्मठेपेऐवजी फाशी द्या म्हणून. डिसेंबरात फाशी झाली आणि चार दिवसांनी, तारीख बघा, १६ डिसेंबरलाच, पाकिस्तानच्या संसदेने त्या फाशीबद्दल चिंता व्यक्त करणारा ठराव केला. तो पाकिस्तानशी निष्ठावान होता म्हणून मारला असं तिकडचे मंत्री बोलले. त्या खटल्यात त्रुटी होत्या हे बाहेरच्या मानवाधिकारवाल्यांनी पण म्हटलंय आणि ते खरंही असेल, पण ज्याचा काका बसमधून उतरवला त्याने हा ठराव कसा वाचला असेल?

बेळगावचा वाचक

एक माहिती घालतो, आपल्या भागाशी संबंध आहे म्हणून. ७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात काय चाललंय हे जगाला ज्याच्या लेखामुळे कळलं तो अँथनी मस्कारेन्हस, गोव्याच्या ख्रिस्ती घरातला, जन्म आमच्या बेळगावचा, वाढला कराचीत. पाकिस्तानी पत्रकार होता. सैन्याने आठ पत्रकारांना दौऱ्यावर नेलं, बघा सगळं कसं शांत आहे म्हणून लिहा. बाकीच्यांनी लिहिलं. हा घरी आला आणि बायकोला म्हणाला की मी जे बघितलं ते लिहिता आलं नाही तर मी परत काहीच लिहू शकणार नाही. बहीण आजारी आहे सांगून लंडनला गेला, तिथल्या संडे टाइम्सच्या संपादकांना भेटला, परत कराचीला आला, बायको आणि पाच मुलांना आधी बाहेर काढलं आणि मग स्वतः पेशावरमार्गे अफगाणिस्तानात उतरला. १३ जून १९७१ ला लेख छापून आला. मथळा एका शब्दाचा, वंशसंहार.

सांगायचं कारण हे की पाकिस्तानातली सगळीच माणसं गप्प बसली नव्हती. पाकिस्तानातल्या मानवाधिकार वकील अस्मा जहांगीर यांचे वडील मलिक गुलाम जिलानी यांनी लाहोरात उघड विरोध केला आणि तुरुंगात गेले. बांगलादेशने २०१३ मध्ये अशा काही पाकिस्तान्यांचा ढाक्याला बोलावून सन्मान केला, वडिलांचा सन्मान घ्यायला अस्माबाई स्वतः गेल्या होत्या. तुमच्या भाईला आणि खानसाहेबांना, दोघांनाही हे सांगा. माझा अनुभव आहे की हे दोघांनाही माहीत नसतं.

आमच्या घरी आजोबांची त्या काळची पत्रं आहेत, त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी रेफ्युजी रिलीफ छापलेलं ५ पैशांचं जादा तिकीट लावलेलं आहे. एक कोटी निर्वासित आले होते, प्रत्येक पत्रामागे पाच पैसे सगळ्या देशाने दिलेत. लहानपणी मी ती तिकिटं पाण्यात भिजवून काढायचो, आता वाटतं पाकिटावर राहू द्यायला पाहिजे होती.

पोस्टमन पुणे

सातारकर, एकच विचारतो. खानसाहेब पेशावरकडचे म्हणालात ना? २०१४ ला पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर हल्ला झाला तो पण १६ डिसेंबरलाच. १३० च्या वर मुलं मारली होती तालिबान्यांनी. ते मिठाई का खात नव्हते हे तुम्ही त्यांना विचारलंत का?

मस्कतचा सातारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पोस्टमनसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचला आणि अंगावर काटा आला, कारण मी विचारलंच नव्हतं. भाईने पण नाही. आम्ही दोघांनी धरूनच चाललो की ७१ मुळे खात नाहीत.

परवा शुक्रवारी सुट्टीला खानसाहेबांच्या खोलीत जाऊन बसलो. विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की त्यांच्या गल्लीतली दोन मुलं होती त्या शाळेत, एक वाचला. त्या दिवशी ते गोड खात नाहीत, अकरा वर्षं झाली. मी म्हटलं मग भाईला सांगितलं का नाहीत तेव्हाच, तर म्हणाले, तो त्याचं दुःख सांगत होता, मी मधे माझं कुठे घालू. आणि मग स्वतःहून म्हणाले की त्याच्या काकाचं मला खरंच माहीत नव्हतं, आठ वर्षांत त्याने कधी काढलं नाही आणि आम्हाला शाळेत जे शिकवलं त्यात अशी माणसं नव्हतीच.

मी हे सगळं भाईला सांगितलं. तो म्हणाला की पोरांचं वाईट झालं, अल्ला त्यांना जन्नत देवो, पण ते वेगळं आणि माझं वेगळं, एकाने दुसरं फिटत नाही. मला ते पटलं, मी काही बोललो नाही. मस्कारेन्हसचं पण सांगितलं, तर म्हणाला हे नाव त्याला माहीत आहे, त्यांच्याकडे मुलांना शिकवतात.

काल संध्याकाळी मात्र खानसाहेब स्वतः शटरिंगच्या शेडमध्ये आले. मी तिथेच सळईचा हिशोब लिहीत होतो. उभ्याउभ्याच विचारलं, तुमच्या काकांचं नाव काय होतं. भाईने हातातला हातोडा खाली ठेवला आणि म्हणाला, माझंच. काका गेल्यावर तीन वर्षांनी मी झालो, आजीने तेच नाव ठेवलं.

आम्ही सगळे त्याला नऊ वर्षं भाई म्हणतोय, त्यामुळे हजेरीच्या कागदाबाहेर त्याचं नाव कुणाच्या तोंडात नाही. खानसाहेबांनी ते नाव एकदा घेतलं, पूर्ण, आडनावासकट, आणि गेले परत.

जेवायला अजून वेगवेगळ्या टेबलावरच बसतात.